इंजिनला आग लागू शकते म्हणून रिकॉल आलाय, पार्ट दीड महिना नाही, तोवर गाडी ठेवू कुठे?

भांडुपकर | सोमवार, रात्री १०:४५

नमस्कार मंडळी. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या, पण डोकं चालेनासं झालंय आणि घरात सगळं सांगितलं तर सगळेच घाबरतील.

माझी गाडी २०२० ची, पेट्रोल. २०२३ ला नाशिकच्या एका काकांकडून सेकंडहँड घेतली, कागदपत्रं क्लिअर, ट्रान्सफर झालेली. शनिवारी सकाळी त्या काकांचा अचानक फोन. म्हणाले, अरे कंपनीचं पत्र आलंय माझ्या पत्त्यावर, तुझ्या गाडीचं आहे, इंजिनला आग लागू शकते असं लिहिलंय, वाचून दाखवू का. चष्मा शोधून त्यांनी अख्खं पत्र फोनवर वाचून दाखवलं, मग नातीकडून फोटो काढून पाठवला. गाडी विकून मोकळा झालेला माणूस, त्यांना काय पडलं होतं? उपकार विसरणार नाही त्यांचे.

पत्रात असं आहे की हाय प्रेशर पंपापासून इंजेक्टरच्या रेलपर्यंत जो स्टीलचा पाइप जातो त्याच्या जोडावरचा नट काही गाड्यांत नीट आवळला गेलेला नाही, तिथून पेट्रोल झिरपू शकतं आणि गरम भागावर पडलं तर पेट घेऊ शकतं. पाइप फुकट बदलून देणार. आणि खाली जाड अक्षरात, दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, इमारतीपासून आणि बाकी गाड्यांपासून लांब लावा.

आता मला सांगा भांडुप पश्चिमेला इमारतीपासून लांब अशी जागा कुठाय? आमची सोसायटी सात मजली, खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगच्या खालीच खांबांमधली जागा, माझा स्लॉट मीटर रूमच्या दाराला लागून. बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ आहे. गल्लीत लावावी तर एका बाजूला नो पार्किंग, टोइंगवाले दिवसातून दोनदा फिरतात, दुसऱ्या बाजूला जुनी झाडं आणि पाऊस तोंडावर.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पार्ट यायला पाच ते सहा आठवडे. मी विचारलं तोवर चालवू का, तर म्हणे चालवा हो सर, काही होत नाही. पत्र एक सांगतंय आणि काउंटरवरचा माणूस दुसरंच. बाबांचं डायलिसिस आहे मुलुंडला आठवड्यातून तीनदा, गाडीशिवाय त्यांना नेणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्यांना कळेल.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण नको, उपाय हवाय.

ठाकुर्लीचा_पक्या | सोमवार, रात्री ११:०२

दादा आधी एक करा, कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून बघा तुमची गाडी खरंच त्यात आहे का. आरसीवर असतो, पॉलिसीवर पण असतो, १७ अक्षरांचा. एकाच वर्षाच्या सगळ्या गाड्या नसतात रिकॉलमध्ये, ठराविक तारखांमध्ये बनलेल्याच असतात.

भांडुपकर | सोमवार, रात्री ११:१०

बघितलं. आहे. 'काम बाकी' असं लाल अक्षरात येतंय.

गॅरेज_लालबाग | मंगळवार, सकाळी ७:२०

भाऊ मी ३२ वर्षं गॅरेज चालवतोय, दोन शब्द नीट ऐका.

जुन्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टरला पेट्रोल जायचं तीन-चार बार दाबाने. तुमच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे, तिथे तोच आकडा दोनशे बारच्या घरात जातो. एवढ्या दाबाखाली जोड केसभर जरी सुटला ना तर थेंब नाही पडत, बारीक फवारा उडतो, डोळ्याला धड दिसत पण नाही, आणि फवारा थेंबापेक्षा कितीतरी पटीने लवकर पेटतो. बाजूलाच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा गरम धूर बाहेर नेणारा भाग, चढावर किंवा हायवेला तो पाचशे डिग्रीच्या वर सहज जातो. पेट्रोलला आपोआप पेट घ्यायला तीनशेच्या आतबाहेर पुरे.

दुसरं, गाडी बंद केली की संपलं असं नसतं. बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं बोनेटखालची गरमी उलट वाढते. म्हणून आल्या आल्या गाडी स्टिल्टखाली घालून लिफ्ट पकडायची नाही. बाहेर मोकळ्यावर दहा-पंधरा मिनिटं उभी करा, नाकाने वास घ्या, मग पुढचं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणाही लोकल मेकॅनिकला, मला सुद्धा, तो नट आवळायला सांगू नका. हा पाइप बहुतेक एकदाच वापरायचा असतो, तोंडाची बसण एकदा दाबली गेली की तीच राहते. वरून आवळला की आज थांबल्यासारखं वाटेल आणि पुढच्या महिन्यात चीर पडेल. एम-सील, टेफ्लॉन टेप असले प्रकार तर अजिबात नाही. माझ्याकडे एकाने आणली होती अशी गाडी, जोडावर एम-सीलचा गोळा, त्याच्याखाली पेट्रोलने अल्युमिनियम धुऊन चकचकीत केलेलं. मी हात लावला नाही, टो करून सेंटरला पाठवली.

वास आला तर स्टार्ट मारायचा नाही. एकदा पण नाही.

बोरिवली_वेस्ट | मंगळवार, सकाळी ९:१५

एवढं काय घाबरायचं? हजारो गाड्यांत एकदोन जळतात. कंपन्या आपली कातडी वाचवायला पत्रं पाठवतात. माझ्या आधीच्या गाडीला पण दोन रिकॉल होते, मी गेलोच नाही, आठ वर्षं मस्त चालली. दीड महिना गाडी उभी ठेवायची म्हणजे बॅटरी डाउन आणि उंदीर वायरी खाणार ते वेगळंच.

परतलो_सोलहून | मंगळवार, सकाळी ११:४०

बोरिवली_वेस्ट, तुमचं म्हणणं मला कळतं पण मी एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. २०१८ ला मी कामासाठी सोलला होतो. त्या उन्हाळ्यात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या रस्त्यात पेटायला लागल्या, दर दोन-तीन दिवसांनी टीव्हीवर एक जळती गाडी. धूर थंड करणारा जो कूलर असतो तो आतून गळायचा, कूलंट काजळीत मिसळून चिकट थर साचायचा आणि गरम धुराने तोच थर पेटायचा. जुलैमध्ये कंपनीने एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या. ऑगस्टमध्ये तर सरकारने तपासणी न झालेल्या जवळपास वीस हजार गाड्या चालवायलाच बंदी घातली. पार्किंगवाले त्या गाड्या आत घेत नव्हते. आमच्या ऑफिसच्या तळघराच्या तोंडाशी पाटी लागली होती आणि आमचा एक कोरियन सहकारी रोज गाडी नदीकाठच्या मैदानात लावून वीस मिनिटं चालत यायचा. चिडायचा नाही. म्हणायचा तळघरात अडीचशे गाड्या आहेत, माझी एक पेटली तर बाकीच्यांना मी काय सांगू.

आणि बंद गाडी पेटत नाही असं पण नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाने मिळून ३३ लाखांहून जास्त गाड्या रिकॉल केल्या, एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या मॉड्यूलमध्ये ब्रेक ऑइल झिरपून शॉर्ट होऊ शकतो म्हणून, आणि त्यात स्पष्ट सांगितलं होतं की गाडी बंद असली तरी पेटू शकते, बाहेरच लावा. त्या तिकडच्या गाड्या, इकडे कोणी उगाच घाबरू नका, पण 'बाहेर लावा' हे वाक्य कोणी उगाच लिहीत नाही एवढंच सांगायचंय.

सईची_आई | मंगळवार, दुपारी ३:०५

मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीची चार वर्षं सेक्रेटरी आहे, त्या बाजूने सांगते.

भांडुपकर दादा, लपवू नका. तुमची भीती अशी असणार की कमिटीला सांगितलं तर गेटच्या आत येऊ देणार नाहीत. होतं असं, खोटं नाही. पण न सांगता काही झालं तर त्या पहिल्या मजल्यावरच्या बाळाच्या आईच्या डोळ्यात तुम्ही कधीच बघू शकणार नाही. साधं पत्र द्या, कंपनीच्या पत्राची कॉपी जोडा आणि मागणी तुम्हीच ठरवून ठेवा, म्हणजे मीटिंगमध्ये नुसता आरडाओरडा होत नाही. मागायचं काय तर उघड्यावरची एक जागा, पाहुण्यांच्या पार्किंगमधली किंवा कंपाउंडच्या कोपऱ्यातली, दीड महिन्यासाठी. कोणाचा उघडा स्लॉट असेल तर अदलाबदल करायला लोक तयार होतात, तोंडाने नीट विचारलं तर.

फक्त दोन गोष्टी बघा. एक, बिल्डिंगच्या बाजूने जी मोकळी पट्टी सोडलेली असते ती फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी असते, तिथे उभी करू नका, उद्या खरंच बंब आला तर तुमचीच गाडी आडवी. दोन, जून आहे, झाडाखाली नको.

स्टिल्टखाली का नको तेही सांगा लोकांना. आम्हाला ट्रेनिंगला आलेल्या फायर ऑफिसरनी सांगितलेलं माझ्या डोक्यात बसलंय, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि सखल भागात साचते. आणि तुमच्याकडे शेजारीच मीटर रूम, म्हणजे ठिणगी तयारच.

वॉचमनला नुसतं लक्ष ठेव म्हणू नका. त्याला गाडीजवळ नेऊन दाखवा, वास आला तर कोणाला फोन करायचा, आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे, त्याची पिन कशी काढायची. आमच्याकडे तीन वर्षं सिलिंडर भिंतीवर होता आणि पिनला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधलेली, ती कात्रीशिवाय निघत नव्हती. आगीची ड्रिल, म्हणजे सराव केला तेव्हा कळलं.

टूरवाला_नालासोपारा | मंगळवार, रात्री ११:५०

आत्ता एअरपोर्टला लाइनमध्ये उभा आहे, धागा वाचला आणि राहवलं नाही.

माझी पण गाडी रिकॉलमध्ये आहे, वेगळी कंपनी, त्यात पण पेट्रोल लाइनचाच प्रॉब्लेम. कंपनी फिटेड सीएनजी आहे पण स्टार्ट पेट्रोलवर होते ना. मला एक महिना सांगितलाय. तुम्ही लोक म्हणताय उभी ठेवा. भाऊ माझा हप्ता १४,२०० आहे, पोराची फी या महिन्यात, गाडी उभी म्हणजे मी उभा. तीन वर्षांपूर्वी, २०२३ च्या फेब्रुवारीत की काय, बेस्टच्या बसेसना एका महिन्यात तीन आगी लागल्या तेव्हा बेस्टने ४०० बसेस एका झटक्यात रस्त्यावरून काढल्या होत्या आठवतंय का, आम्हीच लोक ओढले स्टॉपवरचे तेव्हा. बरोबर केलं त्यांनी. पण त्यांच्याकडे अजून बसेस आहेत. माझ्याकडे एकच आहे.

रोज गाडीत बसायच्या आधी बोनेट उघडून वास घेतो. मागे पॅसेंजर बसतो तेव्हा त्याला माहीत नसतं. हे बरोबर नाही हे मला पण कळतं, झोप लागत नाही. कोणीतरी सांगा मी काय करू.

अ‍ॅड_दादर | बुधवार, सकाळी ८:३०

टूरवाला दादा आणि भांडुपकर, दोघांना मिळून लिहिते कारण कायदा दोघांना एकच आहे, फक्त एका ठिकाणी फरक पडतो.

पूर्वी आपल्याकडे रिकॉल म्हणजे कंपन्यांची मर्जी होती. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची एक ऐच्छिक आचारसंहिता होती तेवढीच. २०१९ ला मोटर वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०ए आलं, आणि त्याखालचा नियम १२७सी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आता गाडीतल्या दोषामुळे चालवणाऱ्याला, आत बसलेल्याला किंवा रस्त्यावरच्या माणसाला धोका असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि कंपनीला एक तर दोष दुरुस्त करून द्यावा लागतो, किंवा तशीच नाहीतर त्याहून चांगली गाडी बदलून द्यावी लागते, किंवा पैसे परत करावे लागतात. दंड एक कोटीपर्यंत. नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे, भांडुपकर तुमची त्यात बसते. वाहन पोर्टलवर मालकांना अशा दोषाची तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे नोंदवा, तुमच्यासारखे बाकीचेही नोंदवतील तर त्याला वजन येतं.

आता व्यवहाराचं. काउंटरवरचा माणूस 'चालवा हो' म्हणाला ना, त्याला म्हणायचं हे मला ईमेलवर लिहून द्या. तो देणार नाही, हे मी आत्ताच सांगते. मग तुम्ही कंपनीच्या कस्टमर केअरला लिहायचं, अमुक तारखेला सेंटरने तोंडी असं सांगितलं, तुमच्या पत्रात उलट आहे, पार्ट किती तारखेला येणार ते कळवा आणि तोपर्यंत पर्यायी गाडी किंवा प्रवासखर्च द्या. घरात डायलिसिसचा पेशंट आहे हे पहिल्या ओळीत. मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही. आणि मालकाचं नाव, मोबाइल, पत्ता त्यांच्या रेकॉर्डला बदलून घ्या, आरटीओला ट्रान्सफर झालं म्हणजे कंपनीकडे आपोआप झालं असं नसतं, म्हणून तर पत्र नाशिकला गेलं.

उत्तर नाही आलं तर १९१५ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, ती मराठीत पण घेतात. त्याच्या पुढे ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनी कुठली का असेना.

टूरवाला दादा, तुम्हाला कोणीतरी सांगेल की टॅक्सी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. ऐकू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवण्याकरता घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तुमचा बुडालेला रोज तुम्ही मागू शकता, त्यासाठी आजपासून अ‍ॅपवरच्या रोजच्या कमाईचे मागच्या तीन महिन्यांचे कागद काढून ठेवा.

पॉलिसीकाका | बुधवार, सकाळी १०:१०

विम्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःची गाडी जळाल्याचे पैसे मिळत नाहीत. फुल पॉलिसी असेल तर आग, स्फोट, सेल्फ इग्निशन म्हणजे आपोआप पेटणं, हे सगळं कव्हर आहे. पण पॉलिसीत एक अट असते की मालकाने गाडी सुरक्षित राहावी म्हणून योग्य ती काळजी घेतली पाहिजे. रिकॉलचं पत्र हातात असून वर्षभर गेलाच नाहीत तर विमा कंपनीचा सर्व्हेअर त्यावर बोट ठेवणार. बुकिंगचा मेसेज, ईमेल, सगळं जपून ठेवा. बाहेरून लावलेले हॉर्न, जास्त पॉवरचे दिवे, वायर कापून बसवलेली म्युझिक सिस्टिम असेल तर ती आधी काढा, क्लेमला पहिला प्रश्न तोच येतो.

गॅरेज_लालबाग | बुधवार, रात्री ९:४५

वकीलताई बोलल्या ते अगदी खरं, पूर्वी मर्जीच होती. २०१० च्या मार्चमध्ये आपल्याच मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना रस्त्यात जळाली होती, हार घातलेली गाडी. नंतर नोव्हेंबरमध्ये कंपनीने सगळ्या नॅनोंना जास्तीचं संरक्षण फुकट बसवून द्यायला घेतलं पण त्याला रिकॉल म्हणायला तयार नव्हते. त्याच साली मारुतीने एक लाख ए-स्टार बोलावल्या होत्या, टाकीतल्या पंपाच्या सीलमधून पेट्रोल यायचं म्हणून. तेव्हा माझ्याकडे येणारी ए-स्टारवाली माणसं घाबरून गाडी विकायच्या गोष्टी करायची, मी सांगायचो अरे बोलावलंय हे चांगलं आहे, न बोलावणाऱ्याची भीती बाळगा.

बोरिवलीवाल्या भाऊंनी उंदराचं लिहिलं ते मात्र खरं आहे, उभ्या गाडीत मुंबईचा उंदीर चार दिवसांत घर करतो. दोन दिवसांआड बोनेट उघडून उजेड दाखवा, एअर फिल्टरचा डबा बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

टूरवाला भावा, धंदा बंद ठेव असं मी कुठल्या तोंडाने सांगू. पण तुझ्या गाडीत एक सोय आहे जी यांच्यात नाही. तुझ्या मॅन्युअलमध्ये बघ आणि सेंटरला विचार, काही गाड्यांत थेट सीएनजीवर स्टार्ट होतं. तुझी तशी असेल तर पेट्रोल लाइनवर दाब कधी येतो आणि कधी नाही हे त्यांच्याकडूनच लिहून घे, माझ्या शब्दावर जाऊ नको. वास आला तर पॅसेंजर असो नसो, बाजूला घे, चावी काढ, पॅसेंजर उतरव, लांब जा, १०१. बोनेट उघडून बघायचा मोह आवर. हवा मिळाली की भडका तोंडावर येतो. सिलिंडर मारायचाच असेल तर बोनेट बोटभर उचलून फटीतून मार, तोही धूरच असेल तर, ज्वाळा दिसल्या तर गाडी सोड. गाडी परत येईल.

आणि दोन किलोचा पावडरचा सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटखाली ठेव, डिकीत नको.

भांडुपकर | शुक्रवार, रात्री १०:२०

अपडेट देतो.

सईची_आई, तुमचं ऐकून कमिटीला पत्र दिलं. काल मीटिंग झाली. पहिल्या दहा मिनिटांत एक काका म्हणाले गाडी आजच्या आज बाहेर, मी सांगितलं मला पण तेच हवंय, फक्त जागा दाखवा. मग शांतता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींनी त्यांच्या ॲक्टिव्हाची उघड्यावरची जागा आणि पाहुण्यांची एक मिळून दिली, कंपाउंडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ. फायर ब्रिगेडची पट्टी मोकळी राहतेय, मोजून बघितली. बाळाचे बाबा स्वतः माझ्याबरोबर गाडी ढकलायला आले, स्टार्ट न करता नेली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि ते म्हणाले, तुम्ही सांगितलंत हेच खूप झालं.

बाबांना रिक्षाने नेतोय. जाताना ठीक असतं, येताना ते गळून गेलेले असतात, रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला माझा हात घट्ट धरतात. कंपनीला वकीलताईंनी सांगितलं तसंच लिहिलं.

भांडुपकर | पुढचा गुरुवार, संध्याकाळी ६:५०

कस्टमर केअरचा फोन आला. पर्यायी गाडी नाही, पण डायलिसिसच्या दिवसांचं टॅक्सीचं भाडं बिलं दिल्यावर देणार, ईमेलवर लेखी आलंय. पार्ट दुसऱ्या शहरातल्या सेंटरकडून मागवतायत, तीन आठवडे.

टूरवाला_नालासोपारा | शनिवार, पहाटे ४:१५

माझी गाडी थेट सीएनजीवर स्टार्ट होत नाही, सेंटरने स्पष्ट सांगितलं. हप्त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून मित्राची गाडी रात्रपाळीला रिकामी असते ती निम्म्या भाड्यावर घेतली. कमाई अर्धी. पण मागे बसलेल्या माणसाकडे आरशातून बघता येतं. माझी गाडी भावाच्या गावाला विरारच्या पुढे शेतात उभी केली, आजूबाजूला काही नाही. कमाईचे कागद काढले, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, नंबर मिळाला.

माहीमची_मेघा | रविवार, दुपारी १:३०

हा धागा वाचून सहज माझा चेसिस नंबर टाकला. आगीचा नाही पण २०२१ चा एक निघाला, पावसाशी संबंधित. त्या सप्टेंबरमध्ये मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी बोलावल्या होत्या आणि सांगितलं होतं की काम होईपर्यंत पाणी साचलेल्या ठिकाणी चालवू नका. मी चार पावसाळे हिंदमाता आणि माटुंग्याच्या पाण्यातून नेली. माझी पण सेकंडहँड, मला कोणी कळवलंच नव्हतं. बुधवारची अपॉइंटमेंट मिळाली.

भांडुपकर | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९:३०

झालं काम.

गाडी टो करून नेली, चालवली नाही. मी तिथेच थांबलो, काचेतून बघत. मेकॅनिक तरुण मुलगा होता, त्याने बोनेट उघडल्यावर आधी बॅटरीची वायर काढली, दाब सोडवला, जोडाभोवती फडकं गुंडाळलं आणि पाना लावला. नट पाव फेरा न फिरताच सैल झाला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हाताने बोलावलं. पाइपच्या तोंडाशी पिवळट तपकिरी डाग होता, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याच्याखाली इंजिनवर एक बारीक ओघळ, धूळ धुतली गेलेली, बाकी सगळं मळकट आणि तेवढीच रेघ स्वच्छ. ओघळ जिथे संपत होता तिथून मॅनिफोल्डचा पत्रा चार बोटांवर. म्हणजे झिरपत होतं. मला कधी वास आला नाही, शपथ सांगतो, सीएनजीच्या रिक्षा आणि एलबीएस रोडची धूळ यात काय कळणार.

जुना पाइप मागितला, मिळाला नाही, रिकॉलचे पार्ट कंपनीला परत जातात. फोटो काढू दिले. जॉब कार्डवर रिकॉलचा नंबर आणि नवीन पाइपचा नंबर लिहून घेतला, बिल शून्य. साइटवर आता 'पूर्ण' येतंय. फोटो गॅरेजकाकांना पाठवलाय.

गॅरेज_लालबाग | मंगळवार, रात्री १०:०५

फोटो बघितला. ती स्वच्छ रेघ बघून अंगावर काटा आला भाऊ. अजून दोन-चार लांबचे चढ झाले असते घाटात... असो. आता हजार किलोमीटरनंतर एकदा त्यांच्याकडूनच जोड तपासून घ्या.

भांडुपकर | बुधवार, सकाळी ८:००

हो काका. आज बाबांना गाडीने नेतोय.

अजून एक, रात्री झोपताना डोक्यात आलं. ही घ्यायच्या आधी माझी जी गाडी होती ती मी पेणच्या एका सरांना विकली होती. जुन्या पॉलिसीवरून तिचा चेसिस नंबर काढून टाकला. तिचा पण एक रिकॉल आहे, मागच्या वर्षीचा, 'काम बाकी'. माझ्या मोबाइलवर किंवा पत्त्यावर काहीच आलेलं नाही, म्हणजे तिच्या पहिल्या मालकाकडे गेलं असणार.

सरांना दोनदा फोन लावला, शाळेत असतील, उचलला नाही. मेसेज टाकून ठेवलाय. दुपारच्या सुट्टीत परत लावतो.